एकच पडणं, दोन जखमा: रोमच्या रस्त्यावर खरचटलेला गुडघा आणि तळहात

रुग्ण ६१ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर. गेली नऊ वर्षं मधुमेह, गोळ्या चालू. रक्त पातळ ठेवण्यासाठी रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी निघण्याआधी ८.१ टक्के. मे महिन्यात यजमान, पुतणी आणि नात्यातली इतर मंडळी यांच्यासोबत बारा दिवसांची युरोप सहल. परतल्यावर उजव्या गुडघ्याची जखम दाखवायला त्या माझ्याकडे आल्या. मी त्यांना बाईच म्हणतो, इथेही तसंच म्हणेन. त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

खरचटण्यासारख्या गोष्टीवर एवढं लिहायचं कारण एकच. बाई एकदाच पडल्या, पण जखमा दोन झाल्या: उजवा तळहात आणि उजवा गुडघा. माणूस तोच, दगड तोच, साखर तीच, दिवसही तोच. तळहात आठवड्याभरात भरून आला. गुडघा चिघळला, ताप आला, परदेशातल्या डॉक्टरांकडे जावं लागलं, सहलीचे दोन दिवस हॉटेलच्या खोलीत गेले. दोन्ही जखमांची वाट त्याच संध्याकाळी वेगळी झाली आणि फरक पाण्याचा होता. तळहात धुतला गेला, गुडघा धुतला गेला नाही.

ही तुलना काटेकोर नाही हे आधीच सांगतो. तळहाताची कातडी जाड असते, गुडघा प्रत्येक पावलाला वाकतो आणि तिथली भरू लागलेली जागा पुन्हा ताणली जाते. गुडघ्यावर पडलेला भारही जास्त होता. हे सगळं धरूनही, पुढे काय काय निघालं ते पाहता न धुण्याचा वाटा मोठा होता असंच माझं मत आहे.

पडल्या ती संध्याकाळ

सहलीचा दुसरा दिवस. त्रेवी कारंजं पाहून मंडळी बसकडे निघाली होती. बस जास्त वेळ थांबणार नव्हती, त्यामुळे सगळ्यांचे पाय भराभर पडत होते. जुन्या रोममधले रस्ते सांपिएत्रीनी म्हणतात त्या काळ्या ज्वालामुखी दगडाच्या लहान ठोकळ्यांचे आहेत. वरचा भाग वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेला, मधल्या फटी रुंद आणि त्या फटींत वाळू-मातीची कच साठलेली. बाईंच्या सँडलचं टोक फटीत अडकलं आणि त्या उजव्या बाजूला कोसळल्या. हात टेकला म्हणून तोंड वाचलं. पँट गुडघ्यावर फाटली, गुडघ्याची सालपटं निघाली, तळहाताच्या मनगटाकडच्या भागालाही खरचटलं.

अ‍ॅस्पिरिनमुळे रक्त जरा जास्त वेळ वाहत राहिलं. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष रक्त थांबवण्यावर गेलं आणि आत अडकलेली कच कुणाच्या नजरेत आली नाही. पुतणीने पर्समधलं हँड सॅनिटायझर गुडघ्यावर ओतलं. बाई कळवळल्या. मग टिश्यू पेपर दाबून धरला आणि तसंच बसमध्ये बसले.

पुतणीने पडण्याच्या थोडं आधी काढलेला एक फोटो मला नंतर दाखवला. त्यात मागे लोखंडी खांबासारखं एक ठेंगणं कारंजं दिसतं, त्याच्या वाकड्या तोटीतून पाणी वाहतंय. हा नासोने. रोममध्ये असे दोन हजारांहून जास्त आहेत, पहिले १८७४ च्या सुमारास बसवले गेले. पाणी पिण्याचं असतं आणि अखंड वाहतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उसळते, लोक तशीच पाणी पितात. बाईंच्या जखमेला लागणारं औषध तिथे रस्त्यावर फुकट वाहत होतं, पण पाण्याला औषध मानायची सवय आपल्याला नाही.

हॉटेलवर पोचल्यावर जेवायचं म्हणून बाईंनी साबण लावून हात धुतले. तळहाताला चुरचुरलं, म्हणून गार वाटावं यासाठी तो बराच वेळ नळाखालीच धरला. तळहातावर झालेला उपचार एवढाच. गुडघ्याला मात्र पाणी लागू नये म्हणून त्या रात्री त्यांनी अंघोळही टाळली. यजमानांनी, म्हणजे आबांनी, सोबत आणलेल्या डबीतली हळद कोरडीच गुडघ्यावर दाबली, त्यावर थेट कापूस ठेवला आणि वरून क्रेप बँडेज घट्ट गुंडाळलं.

आबा तरुणपणी तालमीत जाणारे. तिथला हौद म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा. मला म्हणाले, "आमी तालमीत हाताला-ढोपराला लागलं की हौदातली मूठभर माती दाबायचो. पाणी न्हाई लावायचं. पिकतंय पाण्यानं."

मधले दिवस

तिसऱ्या दिवशी पिसा आणि फ्लॉरेन्स, चौथ्या दिवशी व्हेनिस. भरपूर चालणं आणि बसमध्ये तासन्‌तास गुडघा वाकवून बसणं. बँडेज कुणी सोडलं नाही, कारण "बांधलंय ते बरं होतंय" असा समज. गुडघा ठणकत होता, पण ठणका म्हणजे मुका मार असेल असं बाईंना वाटलं.

पाचव्या दिवशी दुपारी इन्सब्रुकला बँडेज सोडलं. कापूस जखमेत रुतून बसला होता. ओढला तेव्हा त्याच्यासोबत नुकती धरलेली नवी त्वचा निघाली आणि पुन्हा रक्त आलं. वास येत होता. लस पिवळी दिसत होती, पण हळदीमुळे सगळंच पिवळं, त्यामुळे ती नुसती लस आहे की पू हे कुणालाच सांगता येईना. भोवतीची कातडीही हळदीने रंगलेली, म्हणून लाली कुठपर्यंत पसरली आहे तेही दिसेना. हळदीचा हा तोटा कुणाच्या लक्षात येत नाही. जखमेचं बरंचसं निदान रंगावर असतं आणि आपण आपल्याच हाताने तो रंग झाकतो.

मंडळी औषधाच्या दुकानात गेली. ऑस्ट्रियात दुकानावर लाल अक्षर असतं आणि आत पांढऱ्या कोटातला फार्मासिस्ट. यांनी अँटिबायोटिकची पावडर आणि मलम मागितलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही असं उत्तर आलं. आबांना राग आला. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नुसतं नाव सांगितलं की पुडी हातात पडते, त्यामुळे हा नकार त्यांना अडवणूक वाटला.

पण त्या फार्मासिस्टने दहा-पंधरा मिनिटं दिली, तपासलं आणि सांगितलेलं सगळं बरोबर होतं. गुडघा कोमट पाण्याच्या शॉवरखाली धरून हळद सुटेपर्यंत धुवा. सलाइनच्या छोट्या नळ्या आणि न झोंबणारा जंतुनाशक स्प्रे दिला. न चिकटणारी जाळी दिली, त्यावर गॉज, त्यावर हलकी पट्टी. मग साधं बॉलपेन घेऊन, दिसत होती तेवढ्या लालीच्या कडेने रेघ मारली आणि सांगितलं, लाली या रेघेच्या बाहेर गेली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जगातल्या कुठल्याही हॉटेलच्या खोलीत करता येण्यासारखी ही गोष्ट आहे. माझ्या रुग्णांना मी आता आवर्जून शिकवतो.

सहाव्या दिवशी बस स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला आली. रात्री अंगात कणकण, ताप १००.४ अंश फॅरनहाइट. ग्लुकोमीटर सोबत होता, त्यात साखर २९०. सकाळी लाली रेघेबाहेर दोन बोटं गेलेली, गुडघ्याला हात लावला तर गरम.

ल्युसर्नमधला उपचार

पुतणीने विमा पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला फोन लावला. आधी फोन, मग दवाखाना हा क्रम तिने बरोबर ठेवला, त्याचा पुढे उपयोग झाला. अपॉइंटमेंट न घेता जाता येईल अशा क्लिनिकचा पत्ता त्यांनी दिला. तिथल्या डॉक्टरांनी जागा बधिर केली, सिरिंजने सलाइनची जोरकस धार मारली आणि चिमट्याने कच काढली. काळ्या दगडाचे कण, थोडी वाळू, पँटचा धागा आणि कापसाचे तंतू एवढं त्या गुडघ्यातून निघालं. निदान सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेत आणि तिच्या खालच्या थरात पसरणारा जंतुसंसर्ग. सांध्याच्या आत पू झालेला नाही हे गुडघा वाकवून, तपासून पाहिलं. गुडघ्यावरच्या जखमेत ही खात्री करावीच लागते, कारण सांध्यात संसर्ग गेला तर ते हॉस्पिटलचं काम. सात दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड, पाय उंचावर ठेवून विश्रांती, धनुर्वाताच्या लसीचा डोस.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मंडळी बर्फ बघायला टिटलिसला गेली तेव्हा बाई आणि आबा खोलीतच थांबले. पुढचा प्रवास बाईंनी जपून केला.

कोल्हापुरात तपासणी

माझ्याकडे आल्या तेव्हा तळहातावर गुलाबी नवी त्वचा होती, बाकी काही नाही. गुडघ्यावर साधारण तीन बाय दोन सेंटिमीटरची जखम, तळाला लालसर निरोगी दाणेदार भाग, लाली ओसरलेली, सांधा मोकळा. कडेला कातडीखाली एक निळसर काळा ठिपका. दगडाचा कण आत राहून वरून त्वचा बंद झाली की गोंदल्यासारखी कायमची खूण राहते. असे कण पहिल्या काही तासांतच निघायला हवेत, नंतर ते सहज निघत नाहीत.

मधुमेही माणूस जखम घेऊन आला की मी दोन्ही पावलं उघडी करून पाहतोच. डाव्या टाचेला फुटलेला फोड होता, कडा ओल्या. बाईंना तो माहीतच नव्हता. मोनोफिलामेंट म्हणजे दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा. तो तळपायाला टेकवला तर बऱ्याच ठिकाणी त्यांना कळलं नाही. उजव्या गुडघ्याने लंगडत डाव्या पायावर भार दिला, सँडल चावली आणि दुखलंच नाही. मला गुडघ्यापेक्षा या टाचेची काळजी जास्त वाटली. मधुमेहात पायाच्या जखमा मोठ्या होतात त्या अशाच न कळता.

पाण्याची भीती

"जखमेला पाणी लावू नको, पिकेल." हे वाक्य कोल्हापुरात मी दिवसाआड ऐकतो, शिकलेल्या माणसांकडूनही. ते मूर्खपणाचं नाही. विहिरीचं, ओढ्याचं, नदीचं पाणी हेच घरातलं पाणी होतं तेव्हा ते अनुभवातून आलं असावं. आजही २०१९ किंवा २०२१ च्या पुरासारखं पंचगंगेचं पाणी पेठांत शिरतं तेव्हा त्यात गटार, गोठे, सगळं मिसळलेलं असतं आणि पायाला साधी चीर असेल तरी त्या पाण्यात उतरू नये असंच मी सांगतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच चिरेतून आत जातात.

पण नळाचं पिण्याचं पाणी वेगळं. जखमा धुण्यावर झालेल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा हेच दिसलं आहे की पिण्यायोग्य नळाच्या पाण्याने धुतलेल्या साध्या जखमा सलाइनने धुतलेल्या जखमांपेक्षा जास्त चिघळत नाहीत. महत्त्व धारेला आणि वेळेला. जंतू आणि कच ढकलून बाहेर काढायची तर पाणी वाहतं हवं, थोडा जोर हवा आणि निदान पाच मिनिटं द्यायला हवीत. भांड्यात पाय बुडवून बसलं तर घाण तिथेच फिरत राहते. नळ नसेल तर सीलबंद पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून बाटली दाबा, चांगली धार येते. जिथे नळाचं पाणी पिण्याचं नसतं, उदाहरणार्थ बाली किंवा व्हिएतनाममध्ये, तिथे हा बाटलीचाच उपाय. युरोपातल्या बहुतेक शहरांत मात्र नळ बेधडक वापरावा.

साबण जखमेच्या भोवती लावावा, आत थोडा गेला तर बिघडत नाही. स्पिरिट, सॅनिटायझर, हायड्रोजन पेरॉक्साइड, पातळ न केलेलं डेटॉल या गोष्टी उघड्या जखमेत ओतू नयेत. त्या जंतूंसोबत जखम भरून काढणाऱ्या पेशीही मारतात आणि दगडाचा कण तर जागचा हलत नाही. झोंबतंय म्हणजे काम होतंय ही समजूत सोडून द्यावी. पोव्हिडोन आयोडिन वापरायचं तर धुऊन झाल्यावर, थोडंसं. थायरॉइडचा आजार असणाऱ्यांनी मोठ्या जखमेवर ते वारंवार लावू नये.

पाण्याची भीती जाते तशी दुसरी एक समजूतही जायला हवी: जखम उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या त्वचेवरच्या उथळ जखमा तपासल्या. काही उघड्या ठेवल्या, काही पातळ प्लास्टिकच्या पडद्याखाली ओलसर ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. नव्या पेशी ओल्या पृष्ठभागावरून सरकत जातात. कडक खपली असेल तर त्यांना तिच्या खाली खोल शिरून वाट काढावी लागते. म्हणून धुतलेल्या जखमेवर व्हॅसलिनचा पातळ थर किंवा पॅराफिन गॉज (न चिकटणारी जाळी), त्यावर कोरडी पट्टी आणि ती रोज बदलायची. कापूस जखमेवर कधीच थेट ठेवायचा नाही. बाईंच्या गुडघ्यातून निघालेले कापसाचे तंतू मला त्या दगडाच्या कणांइतकेच खटकले.

हळद आणि तालमीची माती

आबांचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तो कोल्हापुरात घरोघरी आहे. तालमीच्या हौदातली माती चाळून, त्यात हळद, ताक, तेल, लिंबू मिसळून तयार करतात, तिची निगा राखतात, पैलवान तिला पाया पडून उतरतात. त्या मातीबद्दल मलाही आदर आहे. पण आबांच्या ज्या जखमा मातीने बऱ्या झाल्या त्या विशीतल्या, साखर नसलेल्या, रोज घाम गाळणाऱ्या शरीराच्या होत्या. त्या मातीशिवायही भरल्या असत्या. शिवाय कुस्तीगिरांना गळवं, नायटे हे त्वचेचे संसर्ग होतात हे तालमीतल्या कुणालाही विचारा. कुठल्याही मातीत, विशेषतः जनावरांचा वावर असलेल्या मातीत, धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. लिंबू-ताकाने ते मरत नाहीत.

हळदीतल्या कर्क्युमिनचे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत, हे खरं. पण शेजारच्या सांगलीची उत्तमातली उत्तम हळद घेतली तरी डबीतली पूड निर्जंतुक नसते. ती जमिनीखाली वाढते, अंगणात वाळते, गिरणीत दळली जाते. दुधात जरूर घाला, उघड्या जखमेत भरू नका. आबांना मी हे असंच सांगितलं. ते लगेच मानले नाहीत, पण पुढच्या पट्ट्या त्यांनीच बदलल्या आणि मी सांगितलं तशाच बदलल्या.

धनुर्वाताचा डोस

इथे आपल्याकडे दोन्ही टोकं दिसतात. काहीजण दर सहा महिन्यांनी, बोट कापलं की इंजेक्शन घेतात, त्याची गरज नसते. काहींनी लहानपणानंतर एकदाही घेतलेलं नसतं. पूर्वी तीन किंवा जास्त डोस झालेले असतील तर स्वच्छ, लहान जखमेला शेवटच्या डोसाला दहा वर्षं उलटली असतील तरच बूस्टर लागतो. मातीने, शेणाने, रस्त्याच्या घाणीने माखलेल्या जखमेला पाच वर्षांची मुदत धरतात. तीनपेक्षा कमी डोस झालेले असतील किंवा काहीच माहिती नसेल, तर घाणेरड्या जखमेला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं. बाईंना दोन्ही बाळंतपणांत मिळून तीनपेक्षा जास्त डोस झालेले होते, पण शेवटचा डोस खूप जुना. म्हणून नुसता बूस्टर पुरला.

ल्युसर्नच्या डॉक्टरांनी लसीकरणाचं कार्ड मागितलं तेव्हा दाखवायला काही नव्हतं. आपण मुलांची कार्डं जपतो, स्वतःची ठेवत नाही. प्रवासाला निघायच्या आधी टीडीचा डोस घेऊन (टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींवरची लस; सरकारी लसीकरणात टीटी या नुसत्या धनुर्वाताच्या लसीच्या जागी २०१९ पासून ती आली) त्या कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवावा. साठीपुढच्या पुरुषांनी विशेष लक्ष द्यावं. बायकांना निदान बाळंतपणात डोस मिळालेला असतो, पुरुषांना तोही नाही.

चिठ्ठी आणि विमा

इन्सब्रुकचा नकार योग्य होता असं मी आबांना सांगितलं. धुतलेल्या, साध्या खरचटण्याला अँटिबायोटिक मलमाची गरज क्वचितच असते आणि पसरलेल्या सेल्युलायटिसला मलम पुरत नाही, तिथे पोटात औषध लागतं. म्हणजे दोन्हीकडे मलम निरुपयोगी. पण परदेशात चिठ्ठीशिवाय मिळणार नाही हे माहीत असेल, तर मधुमेही माणसाने निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं, औषधांची यादी मूळ रासायनिक नावांनी टाइप करून घ्यावी. कंपनीची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत. दुखण्याच्या गोळ्या बरोबर नेताना जपावं. ट्रामाडोल किंवा कोडीन असलेली औषधं संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत, पूर्वपरवानगीशिवाय नेल्यास अडचण होते. साधी पॅरासिटामॉल पुरे.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणाऱ्या व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला विमा सक्तीचा असतो, त्यामुळे पॉलिसी प्रत्येकाकडे असते. ती उघडून वाचलेली नसते. मदत क्रमांक कुठे आहे, आधीपासूनच्या मधुमेहाबद्दल काय लिहिलं आहे, सुरुवातीची किती रक्कम स्वतः भरायची आहे, एवढं तरी विमानात बसण्याआधी पाहावं.

हीच जखम दुसरीकडे झाली असती तर

जखम केवढी आहे यापेक्षा ती कशाने झाली हे आधी विचारायला हवं. बालीत उबुदला माकडं बघायला आपल्याकडची मंडळी आता बरीच जातात. तिथे माकडाचा किंवा कुत्र्याचा दात लागला, नुसता ओरखडा उठला, तर ती किरकोळ जखम राहत नाही. बालीत २००८ पासून रेबीज आहे. साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी तिथेच लस सुरू करायची. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही. कोल्हापूरला गेल्यावर सीपीआर या सरकारी रुग्णालयात घेऊ, असं म्हणून थांबायचं नाही. पुढचे डोस इथे पूर्ण करता येतात, पहिला तिथलाच हवा.

थायलंडच्या किनाऱ्यावर प्रवाळाने कापलं तर त्याचे सूक्ष्म तुकडे आत राहतात आणि जखम आठवडेच्या आठवडे रेंगाळते. ती गोड्या पाण्याने, मऊ ब्रशने घासून धुवावी लागते. उघडी जखम घेऊन कोमट समुद्रात उतरू नये. यकृताचा आजार किंवा मधुमेह असेल तर समुद्रातले व्हिब्रिओ जातीचे जंतू एक-दोन दिवसांत जीवावर बेतू शकतात.

पिशवीत काय

बाईंनी विचारलं, पुढच्या वेळी काय न्यायचं? वीस मिलिलिटरची बिनसुईची सिरिंज, सलाइनच्या दोन-चार लहान नळ्या, पॅराफिन गॉजची पाकिटं, निर्जंतुक गॉज, कागदी चिकटपट्टी, बँडएड, कात्री, चिमटा, छोटी पोव्हिडोनची बाटली, व्हॅसलिन, बॉलपेन. हे सगळं एका पारदर्शक पाऊचमध्ये मावतं. कात्री आणि चिमटा सामानाच्या बॅगेत टाकावा. द्रव पदार्थ हातातल्या बॅगेत नेताना प्रत्येकी १०० मिलिलिटरच्या आत. ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि रोजच्या गोळ्या मात्र हातातच, कारण बॅग हरवली तर जखमेपेक्षा तीच मोठी अडचण. पायात दोन-तीन महिने वापरलेले, बंद टाचेचे बूट. नवे बूट आणि नव्या कोल्हापुरी चपला दोन्ही घरी ठेवाव्यात. कोल्हापुरी अंगवळणी पडायला वेळ घेते आणि मधुमेही पायाला तो चावा कळत नाही. मुक्कामी पोचल्यावर रोज रात्री तळपाय बघायचे, स्वतःला वाकता येत नसेल तर सोबतच्या माणसाने बघायचे.

पुढे

गुडघा आणखी दोन आठवड्यांत भरला, काळा ठिपका राहिला. टाचेला जास्त वेळ लागला. तिथला भार काढून घ्यायला मऊ तळाची पादत्राणं दिली, मृत कातडी कापली, आठवड्याला तपासणी ठेवली. गोळ्यांची मात्रा बदलली, तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.२ आला. विम्याच्या पॉलिसीत पहिले १०० डॉलर स्वतःचे होते. ते वगळून क्लिनिकचं आणि औषधांचं बिल मंजूर झालं, कारण उपचाराआधीच मदत क्रमांकावर नोंद झालेली होती आणि पुतणीने एकूण एक पावती जपली होती. टीडीच्या डोसाची ल्युसर्नमधली नोंद आता बाईंच्या फाइलला लावली आहे. आबांना अजून डोस दिलेला नव्हता, तोही दिला. पुढच्या तपासणीला दोघांना एकत्र बोलावलं आहे, आबांचे तळपायही बघायचे आहेत.